वाहिद मिस्त्रींचे नव्वद रिकामे दिवस

दिग्रसला दारव्हा रोडवर वाहिद मिस्त्रींचं वर्कशॉप आहे. त्याला पाटी नाही. पाटीचा विषय निघाला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ज्याले मी माहीत नाही, त्याची मशीन मले करायची नाही," आणि पेंटर रंगाचा डबा घेऊन परत गेला. जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. कापसातली सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे काढणारी ही मशीन दिसायला साधी, पण वागायला नव्या जावयासारखी: कशावरून रुसेल त्याचा नेम नाही. मिस्त्री तिच्याजवळ जाऊन उभे राहतात, मान तिरकी करतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "डाव्या रोलरचं बेअरिंग." उघडून पाहिलं की ते बेअरिंगच गेलेलं असतं. एका वर्षी उजव्या रोलरचं निघालं होतं. त्या वर्षाबद्दल मिस्त्री बोलत नाहीत.

वय अठ्ठावन्न, उंची बेताची, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक पाना. निकाहाच्या फोटोत शेरवानीला जो फुगवटा दिसतो तो त्या पान्याचा आहे, असं त्यांच्या बायकोचं, जुबैदाबींचं म्हणणं. मिस्त्री म्हणतात, तो काळजाचा.

कापसाच्या गावात जिनिंगचा हंगाम मुहूर्ताने सुरू होतो. दसऱ्याच्या आगेमागे वजनकाट्याची पूजा होते, पहिली गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला शेला आणि नारळ मिळतो, पेढे वाटले जातात आणि मशीन दहा मिनिटं चालवून फोटो काढतात. कापूस तेव्हा ओला असतो, बराचसा झाडावर असतो, काही वेळा नुसता बोलण्यात असतो. मशीनही निम्मी उघडलेली असते. पण ज्याचा मुहूर्त मागे राहिला त्या मालकाचं काहीतरी बिनसलंय, ही बातमी संध्याकाळपर्यंत तालुक्यात फिरते. म्हणून मुहूर्त आधी आणि मशीन मागाहून. मिस्त्री बिस्मिल्ला म्हणून बटण दाबतात, मशीन दहा मिनिटं कशीबशी थरथरते, टाळ्या होतात, आणि मग महिनाभर ते तिला सवडीने दुरुस्त करतात. मधला महिना मशीन बंद का होती, असं तीस वर्षांत कोणी कोणाला विचारलेलं नाही. जगात सगळीकडे असंच चालत असणार, अशी मिस्त्रींची समजूत होती. जगाशी संबंध येईपर्यंत या समजुतीने काही बिघडलं नाही.

जगाशी संबंध अलफियामुळे आला. अलफिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिला बाहुली आणून दिली, तर तिने तिचे हातपाय काढून पुन्हा बसवले. बसवताना हाताच्या जागी पाय गेला. जुबैदाबींनी दाखवून दिलं, तर पोरगी म्हणाली, "चालते." त्याच दिवशी ही इंजिनियर होणार हे मिस्त्रींना कळलं. मराठी शाळेतून ती यवतमाळच्या कॉलेजात गेली आणि मेकॅनिकलच्या वर्गातल्या चार मुलींपैकी एक झाली. तिथून एम.एस. करायला अमेरिकेत. बापाशी ती वऱ्हाडीत बोलते, आईशी हिंदीत, आणि तिकडच्या प्रोफेसरांशी इंग्रजीत. तिन्हीकडे तेवढीच भरभर.

तिचा फोन सकाळी साडेसातला यायचा. इकडे चहा, तिकडे तिचं रात्रीचं जेवण. मोबाइल वर्कशॉपातल्या ऑइलच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि समोर दोन खुर्च्या. एक मिस्त्रींची, दुसरी पुंडलिकरावांची. पुंडलिकराव जवळच्या खेड्यातले. कापूस, म्हणजे त्यांच्या भाषेत पऱ्हाटी, आणि तूर पिकवतात, आणि पहिल्या एसटीने रोज दिग्रसला चहाला येतात. घरी चहा मिळत नाही असं नाही, पण घरी त्यांची बायको बेबीताई साखर बेताने घालतात.

फेब्रुवारीतल्या अशाच एका सकाळी अलफियाने विषय काढला.

"अब्बा, मे महिन्यात डिग्री संपते. त्याच्या पुढं एक वर्ष इथं काम करायची परवानगी भेटते. ओपीटी म्हणतात तिला. माझी डिग्री इंजिनियरिंगची हाय, म्हणून अजून दोन वर्षं वाढवून घेता येते."

"म्हंजे तीन."

"तीन. तेवढ्यात कंपनीनं माझ्या नावानं वर्क व्हिसाचा अर्ज टाकायचा. एच-वन-बी. त्याची लॉटरी निघते दर मार्चात."

"भिशीवानी?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"भिशीसारखीच, काका. फक्त भिशीत कवा ना कवा सगळ्यांचा नंबर लागतो."

पुंडलिकरावांना हे अमेरिकेसारख्या देशाला शोभणारं वाटलं नाही.

"आता फॉर्म भरून राह्यली," अलफिया म्हणाली. "परवानगी कोणत्या तारखेपासून पाहिजे, ते आपणच लिहायचं. डिग्री संपल्यावर साठ दिवसांतली कोणतीबी चालते. मी शेवटची लिहितो. जुलैची."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "शेवटची काहून?"

"नोकरी हातात नाही ना. एक कंपनी हो हो करून राह्यली, पण लेटर नाही आलं."

"मंग तं पयलीच तारीख लिही! मुहूर्त मागं ठेवला का गिऱ्हाइकाले वाटते, मशीनमंदी दम नाही. उद्या थो कंपनीवाला इचारीन, कवापासून येतं? अन् तू म्हणशीन, जुलै. थो दुसऱ्याच्या दारात जाईन."

"बराबर हाय," पुंडलिकराव म्हणाले. "पयल्या गाडीले शेला-नारय भेटते. दुसऱ्या गाडीले नुसता चहा."

"इथं कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणल्या, विचार करून तारीख टाक."

"इचार केला ना आपण. दोघा-दोघांनी केला."

अलफियाने फॉर्म पुन्हा उघडला. बाप वर्षभर तिच्याशी बोलताना नुसता मान हलवत होता. युनिव्हर्सिटी, सेमिस्टर, प्रोजेक्ट यांतलं त्यांना काही कळत नसे, आणि ज्या माणसाने आयुष्यात मशीनपुढे 'मले माहीत नाही' म्हटलं नाही, त्याला फोनपुढे असा मुका बसलेला पाहणं तिला जड जायचं. आज वर्षात पहिल्यांदा ते ठासून बोलत होते. शिवाय कंपनी हो म्हणतच होती. तिने पहिली तारीख टाकली. डिग्री संपली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तो रविवार होता. त्या दिवशी अख्ख्या अमेरिकेत ऑफिसं बंद होती, पण मुहूर्त साधला.

मे महिन्यातल्या त्या रविवारी इकडे मिस्त्रींनी पेढे वाटले.

"पोरगी लागली," ते सांगत सुटले.

"कुठं?"

"अमेरिकेत."

"अमेरिकेत कुठं?"

"अमेरिका लय मोठी हाय," असं म्हणून ते पेढ्याचा डबा पुढे करायचे, आणि पेढा तोंडात असलेला माणूस पुढचा प्रश्न विचारू शकत नाही.

हो हो करणाऱ्या कंपनीने तिसऱ्या मुलाखतीत एक प्रश्न विचारला: तुम्हाला आत्ता किंवा पुढे कधी आमच्याकडून व्हिसासाठी अर्ज लागेल का? अलफियाने खरं ते सांगितलं. लागेल. कंपनीने अतिशय गोड शब्दांत शुभेच्छा दिल्या. त्या देशात नाही म्हणायचं असलं की शुभेच्छा देतात. पुढच्या तीन आठवड्यांत तिला अशा अकरा शुभेच्छा मिळाल्या.

मिस्त्रींना यातलं एवढंच माहीत होतं की 'बोलणी चालू आहेत'. बाकीचं त्यांना भाच्याने सांगितलं. भाचा अफरोज, त्यांच्या बहिणीचा मुलगा, वय पस्तीस. बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, हज, पोलीस भरती, असा कुठलाही फॉर्म तो डोळे मिटून भरतो, आणि काही वेळा ते भरलेल्या फॉर्मवरून दिसतंही. एवढे फॉर्म भरल्यावर माणूस आपोआप वकील होतो, अशी त्याची श्रद्धा.

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी मिस्त्री बहिणीकडे निघाले होते. अफरोजने दुकानातूनच हाक मारली.

"मामू, अलफियाचे किती दिवस झाले?"

"कायचे दिवस?"

"रिकामे. नोकरीबिगर. नव्वदच भेटते ना."

मिस्त्री दुकानात आले आणि स्टुलावर बसले. अफरोजने कॉम्प्युटर वळवला आणि सरकारी खात्याचं पान दाखवलं. इंग्रजीत होतं, पण नव्वदचा आकडा सगळ्यांनाच वाचता येतो. परवानगीच्या त्या पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवस बिनकामाचं राहता येतं. त्याच्या वर गेलं की परवानगी गेली, सामान बांधायचं.

"रविवार धरते का त्याच्यात?"

"धरते."

"ईदचा दिवस?"

"मामू, अमेरिकेचं सरकार हाय ते. धरते."

"पोरगी बिमार पडली तं?"

"बिमार बी धरते."

"मोजते कवापासून?"

"परवानगीच्या कार्डावर जी तारीख असंन, तवापासून."

मिस्त्रींनी खिशातला पाना काढला, पाहिला आणि परत ठेवला. या मशिनीत डाव्या-उजव्याचा प्रश्न नव्हता. बटण त्यांनीच दाबलं होतं. जुलैची तारीख लिहिली असती तर आज एकही दिवस गेला नसता. त्यांच्या मुहूर्ताने तेवीस दिवस खाल्ले होते.

घरी जुबैदाबींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तारीख किसने बोली थी?"

"पुंडलिकराव ने भी बोला था."

"पुंडलिकराव का क्या है? वो तो चाय पीने आते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी फोनवर सरळ विचारलं. "तुले नव्वद दिवसांचं माहीत होतं?"

"हो अब्बा."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही पेढे वाटून राह्यले होते."

त्यानंतर वर्कशॉपात जिनिंगवाल्यांनी फुकट दिलेलं कॅलेंडर टांगलं होतं, त्यावर मिस्त्रींनी गेलेल्या तेवीस चौकोनांवर ग्रीसचे अंगठे उमटवले आणि मग रोज एक उमटवू लागले. पोरीकडे आता सदुसष्ट दिवस होते. तेवढ्यात नोकरी लागली नाही तर ती परत येणार, आणि पुढचे मार्च, लॉटऱ्या, वाढवून मिळणारी दोन वर्षं, सगळं तिथेच संपणार. परत यायला हरकत नव्हती. तिची खोली तशीच होती. पण मुलगी स्वतः ठरवून परत येणं वेगळं आणि बापाने घालवलेल्या दिवसांमुळे परत येणं वेगळं, हे मिस्त्रींना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उपाय सुचवायला गाव होतंच. पुंडलिकरावांनी पहिला उपाय आणला, कारण ते पहिल्या एसटीने येतात.

"मी इचारून आलो. जर्मनीत डिग्री झाल्यावर दीड वरीस नोकरी धुंडू देते. कॅनडावाले तं तीन वरीसपोतर राहू देते. इंग्लंडवाले दोन वरीस देते, पण तेबी आता कमी करून राह्यले म्हणे. पोरीले जर्मनीले धाडून द्या, झंझट खतम."

अफरोज नेमका तिथे होता. "काका, जर्मनीत राहाले जर्मनीची डिग्री लागते. कॅनडात कॅनडाची. ज्या मार्केट यार्डाची पावती, त्याच यार्डात चालते."

"मंग पोरीनं आधीच पाहून काहून नाही घेतलं, कोणता देश बरा ते?"

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, तुमी पऱ्हाटी पेरता, तवा पुढचा भाव पाहून पेरता का?"

पुंडलिकरावांनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला आणि उपाय सांगितला नाही.

दुसरा उपाय अफरोजचा: पुन्हा एका डिग्रीला नाव घालायचं, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहता येतं. अलफिया म्हणाली, "भाईजान, मी शिकली ते काम कराले. काम भेटत नाही म्हणून शिकत राहू, तर म्हातारी होऊन पास होईन." तिसरा उपाय पुसदहून आला. जुबैदाबींची बहीण तिथे असते. तिच्या ओळखीतला एक मुलगा अमेरिकेत वर्क व्हिसावर होता, खानदान चांगलं, दात सरळ. लग्न झालं की बायको म्हणून राहायचा व्हिसा मिळतो. पण त्या व्हिसावर लगेच काम करता येत नाही, हे अलफियाला माहीत होतं. ती आईला म्हणाली, "खाला को बोलो, मेरेकू काम का व्हिसा चाहिए. काम करनेवाले का नहीं."

जुबैदाबींनी हा निरोप पुसदला पोचवताना थोडा मऊ केला. तरी खाला आठवडाभर रुसल्या.

कॅलेंडरवर पासष्ट अंगठे झाले तेव्हा अफरोज दुपारी वर्कशॉपात आला आणि शटर निम्मं खाली ओढलं. मिस्त्रींना तेव्हाच कळलं की हा काहीतरी भलतं घेऊन आलाय. उन्हासाठी शटर ओढणारा मुलगा तो नव्हे.

"मामू, एक माणूस हाय. त्याची तिकडं कंपनी हाय. कागदावर. थो लेटर देते, का अलफिया बेगम आमच्याकडं अमुक तारखेपासून कामावर हाय. सरकारी पोर्टलवर तेवढं भरून द्यायचं. दिवस मोजणं बंद. मंग आरामात खरी नोकरी धुंडायची."

"अन् काम?"

"काम कायचं? काम नाहीच."

"म्हंजे खोटं."

अफरोज हसला. त्याला या शब्दाची वाटच होती. "मामू, तुम्ही दर दसऱ्याले काय करता? मशीन उघडी पडली असते, बेअरिंग यवतमाळहून आलं नसते, अन् तुम्ही दहा मिनिटं चालवून देता. सेठचा फोटो निघते, गावाले वाटते हंगाम सुरू झाला. हेबी तसंच. पोरीची मशीन जराशी थरथरवून द्यायची, बस."

मिस्त्रींनी त्याला बाहेर काढलं नाही. चहाही विचारला नाही. अफरोज गेल्यावर त्यांनी दुरुस्त होऊन ठेवलेली एक चांगली मशीन पुन्हा उघडली, सगळे नट काढले, पुसले आणि परत बसवले. त्यात संध्याकाळ झाली. भाच्याच्या बोलण्यात कुठेतरी खोट होती, पण कान लावून, मान तिरकी करूनही ती त्यांना सापडत नव्हती.

सकाळी त्यांनी फोनवर विषय काढला तो आडून आडून. आधी तिकडची हवा विचारली, मग प्रोफेसरांची तब्येत विचारली. प्रोफेसरांची तब्येत त्यांनी याआधी कधी विचारली नव्हती.

"अब्बा, बोला ना सरळ," अलफिया म्हणाली.

त्यांनी सांगितलं. मुहूर्ताच्या दहा मिनिटांसकट सगळं. पुंडलिकराव कपात पाहत बसले.

अलफिया चिडली नाही. "अब्बा, ते दहा मिनिटं सगळ्यांना माहीत असतात. सेठला माहीत, शेतकऱ्याला माहीत, फोटोवाल्यालाबी माहीत. कोणी फसत नाही. ते लेटर ज्याला दाखवायचं, त्यालाच एकट्याला माहीत नसते. म्हणून ते खोटं. आणि सापडली ना मी, तर नव्वद दिवस राहू द्या, पुढं कवाच या देशात पाय ठेवू देणार नाही."

"मीबी तेच म्हणलो अफरोजले," मिस्त्री म्हणाले.

ते असं काही म्हणाले नव्हते. पुंडलिकरावांना ते माहीत होतं, कारण अफरोजने आदल्या दिवशीच बसस्टँडवर त्यांना सगळं सांगितलं होतं. पण ते गप्प राहिले. मैत्रीचा अर्थ त्यांच्या लेखी एवढाच की चहा एकाचा असला तरी अब्रू दोघांची.

नंतरचे दहा-बारा दिवस फोनवर कोणी नोकरीचं नाव काढलं नाही. पऱ्हाटीला फुलपाती धरायला लागली होती, पुंडलिकरावांचा फवारणीचा पंप बिघडला, तो मिस्त्रींनी दुरुस्त केला, त्यावर बोलणं व्हायचं. अंगठे मात्र रोज उमटत होते. अठ्ठ्याहत्तराव्या अंगठ्याच्या दुसऱ्या दिवशी अलफिया फोनवर आली ती डोक्याला रुमाल बांधून, गालाला काळं लागलेलं.

"अब्बा, आजपासून काम सुरू केलं. आमच्या सरांच्या लॅबमध्ये. धान्य वाळवायचं मशीन हाय, त्याचा पंखा आवाज करते. हप्त्यात वीस तास."

मिस्त्री उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "पगार किती?"

"पगार नाही."

"नाही म्हंजे?"

"सरांकडं पैसे नाही. पण नियमात बसते. माझ्या डिग्रीतलंच काम असलं, अन् हप्त्याला वीस तास भरले, तर बिनपगारीबी काम म्हणून धरतात. सरांनी लेटर दिलं, मी पोर्टलवर भरलं. मोजणं थांबलं. बारा दिवस राह्यले हातात. बाकीच्या वेळात अर्ज करतो."

"फुकट?" मिस्त्रींच्या डोक्यातून तो शब्द जाईना. "वाहिद मिस्त्रीची पोरगी, एम.एस. झाली, अन् फुकट पंखा दुरुस्त करून राह्यली?"

जुबैदाबी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "आप अमरावती में उस्ताद के पास तीन साल क्या कर रहे थे? पहला साल तो झाडू मारी."

"मैं एम.एस. नहीं था."

"इसलिए झाडू मारी. वो पंखा कर रही."

पुंडलिकराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. अलफियाही हसत होती. मिस्त्रींनी खुर्ची उचलून सरळ केली, पण बसले नाहीत.

"मले आधी काहून नाही इचारलं?"

"या वेळी नाही विचारलं, अब्बा," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मग ती म्हणाली, "पंखा टक टक करते. दर फेऱ्याला नाही, दोन फेऱ्यांनी एकदा. काय असंन?"

मिस्त्रींनी मान तिरकी केली. "ऐकव."

तिने फोनवर भरून आणलेला आवाज वाजवला. दोन महासागरांपलीकडच्या त्या टकटकीवर दिग्रसला दहा मिनिटं चर्चा झाली. पुंडलिकरावांचं मत पडलं की आत उंदीर असावा.

पोरगी लागली, असं गावाला सांगून अडीच महिने झाले होते, आणि आता ती खरोखर लागली होती, फुकटात. मिस्त्रींनी ठरवलं की या वेळी जसं आहे तसं सांगायचं. संधी लगेच आली. त्यांच्या ओळखीच्या एका सरकी व्यापाऱ्याने चहाच्या टपरीवर चारचौघांत विचारलं, "मिस्त्री, पोरीले पगार काय भेटते बापा तिकडं?"

"काहीच नाही," मिस्त्री ठणकावून म्हणाले. "फुकट करून राह्यली. हप्त्याले वीस तास."

मग व्यापाऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नका सांगू. समजलो मी. आजकाल सांगूबी नाही, नजर लागते."

"अरे, खरंच फुकट!"

"हो ना, फुकटच," व्यापारी इतरांकडे पाहून डोळा मिचकावत म्हणाला, आणि मिस्त्रींच्या चहाचे पैसे त्याने दिले. संध्याकाळपर्यंत असं ठरलं की मिस्त्रींच्या मुलीचा पगार उच्चारता येण्यासारखा नाही. हप्त्यात नुसते वीस तास काम, म्हणजे तर नक्कीच मोठी साहेबीण. दोन दिवसांत एका दूरच्या नातेवाइकाने मुलाचा बायोडेटा धाडला. खालांनीही रुसवा सोडून फोन केला. मिस्त्री ज्याला त्याला खरं सांगत होते, आणि जितकं सांगत तितका पगार वाढत होता.

सप्टेंबर संपता संपता तिला नोकरी लागली. एका लहान गावातला कारखाना, अक्रोडासारख्या कुठल्याशा फळाची टरफलं फोडायच्या मशिनी बनवणारा. माणसं एकूण चाळीस. मालकाने मुलाखतीत विचारलं की लॅबमध्ये पगार नसताना दोन महिने का टिकलीस. ती म्हणाली, पंखा अजून टकटकत होता म्हणून. व्हिसासाठी अर्ज लागेल का हा प्रश्न त्यानेही विचारला, तिने पुन्हा खरं सांगितलं, आणि त्याने शुभेच्छा दिल्या नाहीत. म्हणाला, पुढच्या वर्षी पाहू, आधी काम पाहू. पगार खरा होता. गावाने ठरवलेल्यापेक्षा बराच कमी, पण खरा.

अलफियाने सकाळी लेटर मोबाइलवर दाखवलं. मिस्त्रींनी ते अफरोजला वाचायला लावलं, मग जुबैदाबींना, मग स्वतः अक्षर-अक्षर पाहिलं. सहीवर बोट ठेवून त्यांनी पुंडलिकरावांनाही दाखवली.

"आता वाटा मिठाई," पुंडलिकराव म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. "कायच्या नावानं वाटू? गावाच्या हिशोबानं पोरगी मे महिन्यातच लागली."

पुंडलिकरावांनी विचार केला. अडचण खरी होती. जुबैदाबी आत गेल्या आणि रव्याचा शिरा करून घेऊन आल्या. चौघांनी तो वर्कशॉपातच, मशिनीच्या आडोशाला बसून खाल्ला. अलफिया फोनवरून बघत होती.

समोरून जाणाऱ्या एकाने थांबून विचारलं, "मिस्त्री, काय हाय आज?"

"काही नाही," मिस्त्री तोंड पुसत म्हणाले. "भूक लागलती."